मारबत गेली, गटार तिथंच

आधीच सांगून टाकतो. 'आर्केन'चे दोन्ही सीझन ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी इथूनच मागं फिरा. खाली कोण मेलं, कोणी मारलं, सगळं लिहिलंय. नंतर इनबॉक्समध्ये येऊन शिव्या द्यायच्या नाहीत.

तर झालं असं, दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे झोप आणि मोबाइल सोडून जगातल्या बाकी सगळ्या गोष्टींशी त्याचं वाकडं. आम्ही दोघांनी मिळून 'आर्केन' परत पाहिलं. अठरा भाग, चार रात्री, चिवड्याचा एक अख्खा डबा. शेवटचा भाग संपला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. तो म्हणाला, "मामा, दुसरा सीझन पहिल्यापेक्षा भारी आहे. मान्य कर." मी म्हटलं, नाही. तर म्हणे, "तू म्हातारा होऊन राह्यला बे मामा." तेव्हापासून डोक्यात हेच सुरू आहे. त्याला तोंडी समजावण्यापेक्षा इथं लिहिलेलं बरं, इथं तो मध्येच बोलू शकत नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही आणि तरीही वाचताय (असे तुम्ही काही जण आहात, मला माहीत आहे), त्यांच्यासाठी थोडक्यात. 'लीग ऑफ लेजेंड्स' नावाचा एक कॉम्प्युटर गेम आहे, त्यातल्या पात्रांवर बनवलेली ही ॲनिमेशन मालिका. गेम मी आयुष्यात खेळलेलो नाही. पहिला सीझन नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, दुसरा बरोबर तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये. प्रत्येकी नऊ भाग, दर आठवड्याला तीन. चित्रं पॅरिसच्या फोर्टिश स्टुडिओची. दोन्ही सीझन मिळून पंचवीस कोटी डॉलर लागले असं छापून आलं होतं. पडद्यावर बघताना हा आकडा खोटा वाटत नाही, प्रत्येक भिंत कोणीतरी ब्रश घेऊन रंगवत बसल्यासारखी दिसते. एमी पुरस्कार दोन्ही सीझनना मिळाला. म्हणजे ज्यांना यातलं कळतं त्यांच्या मते मी चूक आहे. असू दे.

गोष्ट दोन शहरांची. वर पिल्टोव्हर, श्रीमंत, चकचकीत. खाली झॉन, जिथं वरच्यांचा धूर आणि घाण उतरते. मध्ये नदी आणि तिच्यावर पूल. माझ्या आईनं हे दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "आपलं इतवारी आणि धरमपेठ." आईला ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचं वाटतं आणि पावडर हे एका मुलीचं नाव असू शकतं यावर तिचा अजून विश्वास बसलेला नाही, पण मुद्दा तिनं अचूक पकडला.

मी नागपुरात, इतवारीकडच्या जगनाथ बुधवारीत वाढलो, शाळा मात्र धरमपेठेत. रोज सायकलनं रेल्वेच्या लोहापुलाखालून जायचो. पावसाळ्यात तिथं पाणी तुंबलं की सायकल खांद्यावर. अंतर म्हणाल तर पाचेक किलोमीटर, पण वर्गातल्या एका मुलाच्या आईनं मला विचारलं होतं, "इतवारीहून येतोस? एवढ्या लांबून?" नजर अशी, की मी बालाघाटहून बैलगाडीनं आलोय. लग्नाचा बस्ता आणि सोनं घ्यायला मात्र हीच मंडळी रेल्वे लाइन ओलांडून आमच्याकडं येत. नागपूरचे दोन तुकडे रेल्वेनं केलेत की आपण, हा वेगळा विषय. सांगायचं एवढंच की पहिल्या सीझनमध्ये पूल दिसला की माझ्या पोटात काहीतरी व्हायचं.

त्या सीझनची सुरुवातच पुलावर होते. दंगल होऊन गेलीय, धूर आहे, प्रेतं पडलीत, आणि दोन लहान बहिणी हात धरून त्यातून चालल्यात. आईबाप सापडतात, मेलेले. व्हँडर नावाचा एक दांडगा माणूस समोर लढतोय. त्याला या पोरी दिसतात, तो हातातले लोखंडी पंजे टाकून देतो आणि दोघींना उचलून घेऊन जातो. बस. मग पुढचे तीन भाग मालिका कुठंही पळत नाही. व्हँडर दारूचा गुत्ता चालवतो, वरच्या पोलिसांशी गुपचूप समेट ठेवून असतो, त्याची स्वतःची माणसं त्याला भेकड म्हणतात. मोठी बहीण व्हाय धाकटीची पाठराखण करते. धाकटी, पावडर, खेळण्यांचे बॉम्ब बनवते आणि एकही फुटत नाही. सगळं घरातल्यासारखं, भांडणं, चिडवणं, जेवण.

आणि मग तिसऱ्या भागात बॉम्ब फुटतो. बहिणीला वाचवायला म्हणून तिनं टाकलेला, आणि मरतात घरचेच. व्हाय तिच्या कानाखाली मारते आणि तिला एक शब्द म्हणते, जिंक्स. आपल्याकडं त्याला नेमका शब्द आहे, पनवती. त्या पोरीनं पुढं तेच नाव लावलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो भाग संपल्यावर गच्चीवर जाऊन उभा राहिलो होतो. नोव्हेंबरची थंडी होती, स्वेटर न घालता गेलो म्हणून बायको ओरडली, मला काय सांगावं ते कळेना.

तर हा माझा पहिला मुद्दा. पहिल्या सीझननं माणसं आपल्या घरात आणून बसवली आणि मग मारली. दुसऱ्यात माणसं येतात, सुंदर दिसतात, मरतात. ईशाचंच घ्या. (नाव ऐकून आई परत डोकावली, "ही आपल्याकडची का?") न बोलणारी लहान पोर, जिंक्सला चिकटते, जिंक्स हळूहळू माणसात येते, आणि सहाव्या भागात पोर स्वतःला संपवून सगळ्यांना वाचवते. मी रडलो, खोटं कशाला बोलू. पण डोळे पुसता पुसता जाणवलं की या पोरीबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. ती जिंक्सला सुधारायला आली आणि सुधारून झाल्यावर गेली.

दुसरा मुद्दा गाण्यांचा. गाणी पहिल्यातही होती. दुसऱ्यात मात्र गाणं लागलं की समजायचं, आता तीन महिन्यांचं काम तीन मिनिटांत उरकणार. जुन्या हिंदी पिक्चरमध्ये हिरो पळता पळता लहानाचा मोठा व्हायचा ना, तसं. सगळ्यात मोठं नुकसान झालं केटलिनचं. पहिल्या सीझनमध्ये ती वरच्या शहरातली सरळ मनाची पोलीस. शेवटी जिंक्सचा रॉकेट कौन्सिलवर पडतो आणि त्यात तिची आई जाते. दुसऱ्यात ती सूडाला पेटते आणि खालच्या शहरात विषारी धूर सोडते. कशातून सोडते? त्या भूमिगत हवेच्या नळ्यांतून, ज्या तिच्याच आईनं झॉनच्या लोकांना श्वास घेता यावा म्हणून बांधून घेतल्या होत्या!

परत वाचा. आईनं हवा द्यायला बांधलं, आईच्या दुःखात लेकीनं त्यातूनच विष पाठवलं. अहो, यावर एक अख्खा सीझन होतो. धूर खाली पोचला तेव्हा कोणाच्या घरात शिरला, कोण खोकून खोकून मेलं, पोरांचं काय झालं, केटलिन रात्री झोपली का. मालिकेनं हे एका गाण्यात बसवलं. फार देखणं गाणं. मग ती हुकूमशहाच्या खुर्चीत बसते, मग काही भागांनी उठते, व्हाय तिला माफ करते, झॉनला कोणी विचारतच नाही.

मावशीचं गाव साकोलीकडं आहे. दिवाळी झाली की तिकडं झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रात्री सुरू झालेलं नाटक कोंबडा आरवेपर्यंत चालतं. शहरातले लोक हसतात, म्हणतात किती लांबण लावतात. पण त्या मांडवात एखादी बाई नवऱ्याला माफ करते ना, तेव्हा रात्रीचे तीन वाजलेले असतात, आणि ती का माफ करतेय हे मागच्या रांगेतल्या पोराला पण पटलेलं असतं. मुळात वेळ द्यावाच लागतो हो.

भाच्याचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, दुसरा सीझन पटापट जातो कारण गोष्ट मोठी झालीय. जादू आहे, ती यंत्रात आणणारा शास्त्रज्ञ व्हिक्टर देवासारखा झालाय, अख्खं जग संपायला आलंय. शिवाय त्याचा जोडीदार जेस आणि व्हिक्टरचा शेवट बघ, दोन मित्र एकमेकांना धरून जातात, ते काय कमी आहे? नाही, ते कमी नाही. तिथं तो बरोबर आहे आणि मी त्याला तसं सांगितलंही. पण जग संपायला आलं की एक सोय होते, गल्लीतलं भांडण विसरता येतं. वरचे आणि खालचे, मारणारे आणि मेलेले, सगळे एका रांगेत उभे राहून बाहेरून आलेल्या अँबेसाच्या फौजेशी लढतात. ज्या भांडणासाठी आपण पुलावर उभे होतो ते गेलं कुठं?

सातव्या भागाबद्दल मात्र मी वाद घालणार नाही. एको, या बहिणींचा लहानपणचा दोस्त, दुसऱ्याच एका जगात जाऊन पडतो, जिथं ती जादू कधी शोधलीच गेली नाही. तिथं व्हँडर जिवंत आहे, सिल्को, जो खऱ्या गोष्टीत त्याचा वैरी आणि जिंक्सला वाढवणारा, तो इथं त्याचा दोस्त आहे, पावडर पावडरच राहिलीय. फक्त व्हाय लहानपणीच गेलीय. तिथं एको आणि पावडर नाचतात, चित्रं मुद्दाम थोडी अडखळत पुढं सरकतात, जणू आठवणच अडखळतेय. दोन्ही सीझनमधला हा माझा सगळ्यात आवडता भाग. आणि मला राग येतो तोही याचाच. म्हणजे यांना थांबता येत होतं! लोकांना टेबलाभोवती बसवून गप्पा मारू देता येत होत्या! मग बाकीच्या आठ भागांत काय झालं होतं?

आता शेवट. इथं मला आमच्या गल्लीत परत जावं लागेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबत निघते हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. काळी आणि पिवळी, दोन मोठ्या बायांचे पुतळे, सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची, आणि पिवळी आमच्याच जगनाथ बुधवारीची, म्हणून जरा छाती फुगवून लिहितोय. पूर्ण शहर रस्त्यावर येतं आणि ओरडतं, 'इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!' बडग्यांवर त्या वर्षीच्या तक्रारी लिहिलेल्या असतात, महागाई, खड्डे, लाचखोरी. मिरवणूक संपली की पुतळे जाळतात. लहानपणी मला वाटायचं आता सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी सायकल काढली की लोहापुलाखाली पाणी तेवढंच.

पहिल्या सीझनच्या शेवटाला सिल्कोसमोर एक सौदा येतो. वरच्या कौन्सिलमधला जेस म्हणतो, झॉनला स्वातंत्र्य देतो, फक्त जिंक्स आमच्या हवाली कर. म्हणजे मारबत द्या, इडा पिडा टळेल. आणि सिल्को, ज्यानं या एका स्वप्नासाठी माणसं मारली, शहरभर नशा विकली, तोच गुन्हेगार सौद्याला 'नाही' म्हणतो. पोरीला देत नाही. तिच्याच हातून मरतानाही तिला दोष देत नाही. कार्टूनमध्ये मी याच्याइतका अवघड प्रसंग पाहिलेला नाही.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी काय होतं? जिंक्स, मेल्यावर राक्षस होऊन परत आलेल्या व्हँडरला धरून खाली कोसळते, स्फोट होतो, उजेड पडतो. सिल्कोनं नाकारलेला सौदा लेखकांनी परस्पर करून टाकला. पनवती गेली. मग काही क्षणांसाठी दिसतं की खालच्या शहरातली सेव्हिका वरच्या कौन्सिलमध्ये खुर्चीवर बसली आहे. तिच्या तोंडी एक शब्द नाही. दोन शहरांच्या पिढ्यांच्या भांडणाचा निकाल म्हणजे एक खुर्ची आणि एक मख्ख चेहरा. नळ्यांतून धूर गेला त्या घरांचं काय झालं ते आपण आपलं समजून घ्यायचं.

हे सगळं मी भाच्याला फोनवर वाचून दाखवलं, पोस्ट करायच्या आधी. त्याचं म्हणणं होतं की जिंक्सला कोणी नेलं नाही, ती स्वतःहून गेली, आणि मेलीच असं तरी कुठंय? केटलिन शेवटी नकाशा बघून काहीतरी ताडते आणि मग आकाशात ते विमान दिसतं, ते काय उगाच? मी म्हटलं, असेल बाबा वाचली. वाचली असेल तर मला आनंदच आहे, पण गावाबाहेर तर काढलीच ना.

थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, पण मारबतीला तू दरवर्षी जातोच ना?"

जातो. यंदाही गेलो होतो. गर्दीत एक चप्पल गेली आणि घसा दोन दिवस बसला होता.