मेनेआला चिकटलेला ‘पण’

इटलीचा धावपटू पिएत्रो मेनेआचं नाव काढलं की अ‍ॅथलेटिक्सवेडी मंडळी आधी मान डोलावतात आणि मग हळूच ‘पण’ काढतात. २०० मीटरचा विश्वविक्रम? हो, पण मेक्सिको सिटीत. ऑलिंपिकचं सुवर्ण? हो, पण मॉस्कोत अमेरिकन होते कुठे? परवा एका गप्पांत हेच पुन्हा ऐकलं, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी मेक्सिको. १२ सप्टेंबर १९७९, जागतिक विद्यापीठ स्पर्धा, वेळ १९.७२ सेकंद. शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर, हवा विरळ, धावणाऱ्याला अडथळा कमी. मान्य. मात्र त्याने मोडला तो टॉमी स्मिथचा १९.८३ चा विक्रम, आणि तोही १९६८ साली याच शहरात झालेला. हवा दोघांनाही तीच होती की! पुढे हा आकडा पुसायला मायकेल जॉन्सनला जून १९९६ उजाडला. मधल्या जवळपास १७ वर्षांत उंचावरची मैदानं कुणी कुलूप लावून ठेवली नव्हती.

मॉस्कोचा ‘पण’ जास्त चिवट आहे. १९८० च्या त्या ऑलिंपिकवर अमेरिकेसह अनेक देशांचा बहिष्कार होताच, इटलीचे खेळाडूसुद्धा आपल्या तिरंग्याऐवजी ऑलिंपिक ध्वजाखाली उतरले. मेनेआ १०० मीटरच्या अंतिम फेरीतही पोहोचला नव्हता. २०० च्या अंतिम फेरीत त्याला आठवी लेन मिळाली. सगळ्यात बाहेरची, पुढे कुणीच दिसत नाही अशी. शेजारी सातव्या लेनमध्ये १०० मीटरचा ताजा विजेता अ‍ॅलन वेल्स. वळणावरच वेल्स त्याला गाठून पुढे गेला. सरळ पट्ट्यात शिरताना मेनेआ इतका मागे होता की मी पहिल्यांदा ही शर्यत पाहिली तेव्हा निकाल माहीत असूनही वाटलं, गेलं हातातून. मग तो एकेक करत सगळ्यांना मागे टाकत आला. २०.१९ विरुद्ध २०.२१.

त्याची सुरुवात कायम अशीच रडतखडत. प्रशिक्षक कार्लो व्हित्तोरीने फॉर्मियात त्याला वर्षानुवर्षं पिळून काढलं, ते शेवटच्या साठ-सत्तर मीटरमध्ये दिसायचं. १९७२ ला म्युनिक ऑलिंपिकमध्ये २०० चं कांस्य, १९७६ च्या ऑलिंपिकला चौथा. (चौथ्या क्रमांकाचं दुखणं मिल्खासिंग आणि उषाच्या देशाला काय सांगायचं!)

मॉस्कोनंतर वीस दिवसांनी, १७ ऑगस्टला, तो एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या बार्लेत्ता या आपल्या गावी धावला. शिंप्याचा पोरगा, घरचं मैदान, वेळ १९.९६. समुद्राकाठी बरं का. या शर्यतीची आठवण ‘पण’वाले कधी काढत नाहीत.

एक ‘पण’ मात्र मलाही खोडता येत नाही. १९८४ च्या सुमारास ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं घेतल्याचं त्याने नंतर स्वतःच कबूल केलं. तेव्हा त्यावर स्पष्ट बंदी नव्हती, हे खरं. तरी खटकतं. मेक्सिको आणि मॉस्को त्याआधीचे, एवढंच माझ्यासारख्या चाहत्याचं समाधान.

रिलेतला मेनेआ तर कुणाला आठवतही नाही. मॉस्कोत ४ × ४०० चं कांस्य, १९८३ ला हेलसिंकीच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत ४ × १०० चं रौप्य. २०० च्या माणसाने ऑलिंपिकमध्ये ४०० चा टप्पा पळून पदक आणायचं म्हणजे खायचं काम नाही.

मॉस्कोची शर्यत यूट्यूबवर मिळेल. वळण संपेपर्यंत वेल्सकडे बघा, त्यानंतर फक्त आठव्या लेनकडे.