‘तिथे आधी डॉक्टर तरी होऊ द्या’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय मानवशास्त्रात (आजार, उपचार, मृत्यू यांकडे समाज कसा पाहतो याच्या अभ्यासात) पीएचडीसाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांवर मी लिहिलं, त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. जिथे डॉक्टर पुरत नाहीत तिथे मानवशास्त्रावर पैसा घालणं ही चैन आहे, हा पहिला. आणि पैसा परदेशी असला की संशोधनही देणाऱ्याच्या सोयीचं होतं, हा दुसरा.

पहिला मला अजिबात मान्य नाही. ऑगस्ट २०१४मध्ये लायबेरियात इबोलाने गेलेल्यांचं दहन करायचा हुकूम निघाला. मृतदेहापासून लागण होते, तेव्हा डॉक्टरी हिशेबाने त्यात चूक नव्हती. पण हा दफन करणारा समाज. दर मार्चमध्ये सुट्टी घेऊन घरच्यांच्या कबरी झाडायच्या, रंगवायच्या, अशी तिथली रीत. राखेला कबर कुठली? लोक आजारी माणसाला दवाखान्यात न्यायच्या ऐवजी घरात लपवू लागले. त्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची पद्धत आणली, ती मानवशास्त्रज्ञांना आणि धर्मगुरूंना सोबत घेऊन. पश्चिम आफ्रिकेत त्या साथीने ११ हजारांहून जास्त माणसं नेली. २०२०मध्ये आपलं माणूस प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लांबूनच पाहिलेल्यांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको. हे प्रश्न साथ यायच्या आधी, तिथलीच भाषा बोलणाऱ्या कुणीतरी विचारून ठेवलेले असावेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. या शास्त्राचा भूतकाळ चांगला नाही. इरावती कर्वे बर्लिनला ज्यांच्या हाताखाली शिकल्या, ते जर्मन मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर १९०८ साली आजच्या नामिबियातल्या रेहोबोथला जाऊन माणसांच्या शरीरांची मापं घेऊन आले होते आणि त्यावर वंशभेदाचे सिद्धान्त रचत होते. इरावतीबाईंनी कवट्यांची मापं घेतली. गुरूंना हवा तो वंशभेद त्यांत सापडत नाही, असंच लिहिलं. प्रयोगशाळा गुरूंची, तरी निष्कर्ष बाईंचा. म्हणून मला कोण देतं यापेक्षा कोण शिकतं आणि कुठे, हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

याच कसोटीवर मी त्या योजना निवडल्या होत्या. वेनर-ग्रेन फाउंडेशन अमेरिकेचं, पण त्यांची वॅड्सवर्थ आफ्रिकन फेलोशिप आखली आहे ती दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यापीठांत पीएचडी करण्यासाठी. १९६८मध्ये तिथेच केप टाउन विद्यापीठाने आर्ची मफेजे या कृष्णवर्णीय अभ्यासकाला मानवशास्त्र शिकवण्याची नेमणूक दिली आणि वर्णद्वेषी सरकारच्या दबावाखाली काढून घेतली, हे आठवलं की या जागेचं मोल कळतं. २००८पासूनचं ‘कार्टा’ हे आफ्रिकेतल्या संशोधकांना पीएचडीसाठी घडवणारं जाळं तर नैरोबीची संशोधन संस्था आणि जोहान्सबर्गचं विट्स विद्यापीठ मिळून चालवतात. इबादान, मकेरेरे, मलावी अशा सदस्य विद्यापीठांत आधीच शिकवत असलेल्यांना ते घेतात. त्यामुळे पदवी झाली की माणूस आपल्याच वर्गात परत उभा राहतो.

विषय ठरवण्यात पैसे देणाऱ्याचा हात किती, हा तुमचा प्रश्न मात्र यातूनही सुटत नाही. तो मूळ लेखात यायलाच हवा होता. आज तिथे तसा परिच्छेद जोडते आहे.