गाडीला ऑइल पाजावं कसं?

पेट्रोलवर तर कोणाचीही गाडी चालते, भाऊ. तुमची वेगळी दिसली पाहिजे. सीताबर्डीच्या सिग्नलवर तुम्ही रेस दिली की मागच्या स्कूटीवालीनं स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला पाहिजे, असा निळा धूर हवा. काळा नव्हे, काळा म्हणजे नुसतं पेट्रोल-डिझेल जास्त जळतंय. निळा म्हणजे ऑइल.

त्यासाठी ऑइल वेळेवर बदलायचं नाही, एवढं आधी ठरवून टाका. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात राहू द्या, टोलच्या पावत्यांखाली. बहुतेक इंजिनांत पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या मुख्यतः दाब धरतात. सगळ्यात खालची सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून परत खाली पाठवते. जुन्या, करपलेल्या ऑइलची काजळी तिच्या बारीक फटींत भरली की ती खाचेतच चिकटते. मग ऑइल वर राहतं आणि पेट्रोलसोबत जळतं. झालं तुमचं काम!

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, सोडू नका. पारा ४५ ला टेकलेला असताना शाळेसमोर इंजिन चालू ठेवून एसीत बसा. किलोमीटरचा काटा हलत नाही, म्हणजे ऑइल वापरलं गेलंच नाही, असा हिशेब आपल्याकडे सर्वमान्य आहे. तापून तापून वॉल्व्हचे रबरी सील कडक होतात. मग रात्रभर उभ्या गाडीत ऑइल सिलिंडरमध्ये झिरपतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला धुराचा एक मस्त भपका निघतो. शेजाऱ्यांना कळतं, साहेब निघाले.

एअर फिल्टर नवा कशाला? पंक्चरवाल्याकडून जोरात हवा मारून घ्या. कागद फाटला तर उन्हाळ्याची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन घासकाम करेल, तेही फुकटात.

डिपस्टिक मात्र ओढूच नका. हात खराब होतात, आणि त्याच हातानं तर्री-पोहे खायचे असतात. तिच्यावरच्या दोन खुणांमध्ये साधारण लिटरभराचा फरक असतो. तेवढ्यासाठी बॉनेट कोण उघडतं? लाल दिवा आहे ना. तो ऑइलचा दाब पडल्यावर पेटतो, ऑइल घटायला लागल्यावर नाही. म्हणजे समृद्धी महामार्गावर १२० नं जाताना तो लागेपर्यंत बेअरिंगा कोरड्या पडायला आलेल्या असतात. पण बघा, तोवर प्रवास किती निवांत झाला! एखाद्यानं भरवलंच ऑइल, तर खुणेच्या बरंच वर भरा. खाली फिरणारी क्रँक त्याचा फेस करते आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ ओढून घेणाऱ्या नळीतून, ते पुन्हा जळायलाच जातं.

शेवटी मिस्त्री रिंग-पिस्टनचं काम काढेल. आकडा ऐकून घाबरू नका, गाडी विकायला काढा. आत २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल ओता, धूर थोडा दबतो. गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी गाडी फिरवून गरम करा, म्हणजे सकाळचा भपका त्याला दिसणार नाही. तो सीट कव्हर चाचपेल, टायरला लाथ मारेल आणि विचारेल, "भाऊ, ॲव्हरेज किती देते?"

पेट्रोलचा सांगा. ऑइलचा त्यानं विचारलेला नाही.