वजन उतरवण्याचा वर्ग काढू इच्छिणाऱ्यांसाठी

वजन उतरवण्याचा वर्ग काढण्याचा तुमचा विचार पक्का असेल, तर आहारशास्त्र शिकण्यात वेळ दवडू नका; 'वेट वॉचर्स' या अमेरिकी कंपनीचा इतिहास तेवढा वाचा. न्यूयॉर्कच्या जीन नायडेच या गृहिणीला पथ्य शहराच्या आरोग्य मंडळाच्या दवाखान्यात मोफत मिळाले होते. एकटीने ते पाळवेना, म्हणून १९६१ मध्ये तिने मैत्रिणींना घरी बोलावले आणि १९६३ मध्ये त्या बैठकीची कंपनी झाली. तेव्हा पथ्य फुकट वाटा आणि सोबतीचे पैसे घ्या.

पहिल्या आठवड्यांत शरीरातले पाणी बऱ्यापैकी उतरते आणि काटा खाली येतो. त्याचे श्रेय विनासंकोच वर्गाला द्या, टाळ्या वाजवा. पुढे काटा अडला, तर मात्र सभासदाने चिंतन करावे. वजन वर्गामुळे उतरते आणि सभासदामुळे चढते, हे तत्त्व भिंतीवर लिहायची गरज नाही. ते तो स्वतःच घरी घेऊन जातो. मार्गदर्शक म्हणून वजन उतरवलेल्या जुन्या सभासदांनाच नेमा, म्हणजे पगारही बेताचा आणि जाहिरातही चालतीबोलती.

खाण्याला गुण द्या, जसे त्या कंपनीने १९९७ पासून दिले. मात्र दर काही वर्षांनी कोष्टक बदला, कारण गणित तोंडपाठ झालेला सभासद पैसे कशाला भरील?

खरी प्रतिभा आजीवन सदस्यत्वात आहे. इष्ट वजन गाठून ते सहा आठवडे टिकवणाऱ्याला बैठका कायमच्या मोफत. अट एवढीच, की वजन त्या आकड्याच्या दोन पौंडांहून अधिक वर जाता कामा नये. म्हणजे ज्याला वर्गाची गरज उरली नाही त्याला तो फुकट, आणि ज्याचे वजन परत आले (ते बहुतेकांचे थोडेफार येतेच, कारण बारीक झालेले शरीर कमी ऊर्जेत भागवते आणि भूक वाढवते) तो ओशाळून पुन्हा शुल्क भरतो. आपल्या मालाचे अपयश गिऱ्हाइकाने स्वखर्चाने भरून द्यावे, अशी सोय फारच थोड्या धंद्यांत असते.

खोटे बोलायची मात्र गरज नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या कंपनीच्या सभासदांचे वजन दोन वर्षांअखेर सरासरी तीन किलोंच्या आसपास घटलेले होते, तर आपापले प्रयत्न करणाऱ्यांचे जवळपास होते तेवढेच राहिले. उपाय चालतो, तुम्ही फक्त जाहिरातीत तीन किलो घटलेल्या बाईचे छायाचित्र छापू नका.

धंदा वाढला, की विकण्याचे पाहा. १९७८ मध्ये ही कंपनी टोमॅटो केचपवाल्या 'हाइन्झ'ने विकत घेतली होती. खाऊ घालणे आणि उतरवणे हे दोन्ही व्यवसाय एकाच छपराखाली सुखाने नांदले. पुढे भूक मारणारी इंजेक्शने आली. 'मनोनिग्रह' शिकवणाऱ्या कंपनीने २०२३ मध्ये तीच औषधे लिहून देणारी सेवा विकत घेतली, तरी मे २०२५ मध्ये तिला कर्जाच्या ओझ्याखाली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तेव्हा वर्ग काढताना शुल्क वर्षाचे एकरकमी आणि आगाऊच घ्या.