चौदा प्लेटा आणि एक दिवाण

माझ्या वयाच्या बायकांना डॉक्टर एकच गोष्ट सांगत आलेत: वजन कमी करा. गुडघा दुखतो, वजन कमी करा. दम लागतो, वजन कमी करा. एकदा कानात दडा बसला म्हणून गेले होते, तिथेही निघताना दारात तेच ऐकलं. त्यामुळे हाडांच्या डॉक्टरांनी डेक्सा टेस्टचा, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजणाऱ्या तपासणीचा, कागद खालीवर बघत "ताई, आता वजन उचलायला लागा" असं म्हटलं, तेव्हा मी सवयीने मान डोलावून "हो, भात बंदच केलाय" असं सांगून मोकळी झाले.

मग त्यांनी नीट समजावलं. पाळी थांबली की इस्ट्रोजेन उतरतं आणि हाडं भराभर विरळ व्हायला लागतात. स्नायूंनी ओढ दिली, भार पडला, तर ती जरा तग धरतात. चालायला जाता ते चांगलंच, पण तेवढ्याने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींतही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करा असं आहे. मी विचारलं, "डोंबिवलीहून रोज लोकलला लटकून जाते, ते धरत नाहीत का?" डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "दोन्ही हातांनी लटकता?"

स्टेशनजवळच्या जिमात एकदा डोकावून आले. चारही बाजूंनी आरसे. स्वतःला मागून बघायचा योग आयुष्यात कधी आला नव्हता आणि तशी इच्छाही नव्हती. शिवाय गाणी इतकी मोठ्याने की शिकवणारा मुलगा "श्वास सोडा" म्हणतोय की "पैसे सोडा" म्हणतोय, कळेना. तेव्हा ठरलं, मशीन घरातच आणायचं.

यंत्रावर व्यायाम करायची हौस तशी जुनी. एकोणिसाव्या शतकात गुस्ताव झांडर नावाच्या स्वीडिश डॉक्टरने व्यायामाची नाना यंत्रं बनवली होती, आणि 1912 साली बुडालेल्या टायटॅनिकच्या व्यायामशाळेत तर विजेवर हलणारा उंट होता. ही माहिती मी आमच्या अहोंना मोठ्या उत्साहाने सांगितली. ते म्हणाले, "उंटच घे. जागा कमी लागेल." अहोंचे आजोबा साताऱ्याकडच्या तालमीत जोर-बैठका काढायचे, मुद्गल फिरवायचे, आणि एका पैशाचा खर्च नाही. हे अहो मला नेहमी सांगतात. आडवे पडून.

दुकानातल्या मुलाच्या मागे एक पोस्टर होतं. त्यातल्या माणसाला मान नव्हती. खांदे संपले की थेट कान. मी म्हटलं, मला एवढं नको. मुलगा म्हणाला, "मॅडम, या एका मशिनवर 30 एक्सरसाइज होतात."

"मला तीन पुरेत."

"मग 27 फ्री समजा."

मशीन असं: एक उभा लोखंडी सांगाडा, मध्ये सीट, मागे दोन चकचकीत दांड्यांवर एकावर एक रचलेल्या 14 प्लेटा, प्रत्येक 5 किलोची. हव्या त्या प्लेटेखालच्या भोकात पिन खुपसायची, की तिथवरचं वजन उचललं जातं, बाकीचं खाली बसून राहतं. वरून ओढायचा लांब दांडा, पुढून ढकलायचे दोन हात, खाली पायाने उचलायचा गादीचा रूळ. 35,000 सांगितले, 32,000 ला तुटलं. वर दोन भेटी: एक शेकर आणि हातमोज्यांची जोडी, तीही पोस्टरवरच्या माणसाच्या मापाची.

आता जागा. आमच्या दोन खोल्या-हॉल-किचनमध्ये एवढी सलग जागा एकच, हॉलमधल्या दिवाणाची. आणि दिवाण सासूबाईंचा. दुपारची झोप, संध्याकाळची मालिका, आल्यागेल्याची चौकशी, सगळं त्या दिवाणावरून चालतं. मी दोन दिवस शब्द जुळवले आणि शेवटी जेवताना सांगून टाकलं.

"न्या की," त्या म्हणाल्या. "मी बसेन कुठेतरी."

सुना जाणतात, यातलं 'कुठेतरी' किती किलोचं असतं.

त्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेत, आणि सोसायटीत कोणी खिळा ठोकला तरी त्यांना वर्दी जाते. "स्लॅब बघितलीत का?" त्यांनी दारातच विचारलं. आयएस 875, म्हणजे इमारतीवर किती भार धरायचा ते सांगणारं भारतीय मानक, त्याचा दुसरा भाग त्यांना आरतीसारखा पाठ आहे. राहत्या खोलीला चौरस मीटरला 200 किलोंचा भार धरतात, गॅलरीला 300. त्यांनी टेप काढून दिवाणाची जागा मोजली, पाठकोऱ्या लग्नपत्रिकेवर आकडे मांडले: मशीन 140, वर मी. "तुमचं किती?" त्यांनी पेन रोखून विचारलं. मी अहोंकडे बघितलं, अहोंनी पंख्याकडे बघितलं. शेवटी काकांनीच अंदाजाने एक आकडा लिहिला. तो पाहून मी खरा आकडा लगेच सांगितला, कारण तो कमी होता. निकाल असा की भार परवानगीच्या अर्ध्याइतकाही होत नाही. "गणपतीच्या आरतीला या खोलीत 40 माणसं टाळ्या वाजवत उभी असतात, तेव्हा स्लॅब काय म्हणाली? काही नाही. फक्त पायाखाली प्लायवूड टाका," असं सांगून ते गेले. पेन मात्र विसरले, म्हणजे पुन्हा येणार.

माल आला तो खाली फाटकापर्यंतच. टेम्पोवाल्याने चलनावर बोट ठेवलं: ग्राउंड फ्लोअर डिलिव्हरी. चार खोकी. त्यांवर मेरठ छापलेलं. जालंधर आणि मेरठ ही आपल्याकडची क्रीडासाहित्याची दोन मोठी गावं. तिथून इथवर आलेला माल शेवटचे चार मजले आमच्या हवाली करून टेम्पो निघून गेला. तीन खोकी मोठी आणि उचलण्याजोगी. चौथं अगदी मिक्सरच्या खोक्याएवढं, म्हणून वॉचमनने ते एका हाताने उचलायला घेतलं आणि तसाच वाकलेला राहिला. त्यात प्लेटा होत्या.

लिफ्टमध्ये पाटी आहे: 6 व्यक्ती, 408 किलो. खोक्यांबरोबर उभं राहून मला प्रथमच भागाकार करायला वेळ मिळाला. लिफ्टच्या हिशेबी माणूस 68 किलोचा. त्या मापाने मी एक व्यक्ती आणि वर चिल्लर, अहो सव्वा, आणि वरच्या मजल्यावरचं जोडपं म्हणजे तीन माणसं.

मशीन जोडायला कंपनीचा माणूस "उद्या" येणार होता. उद्या फोन केला की तो "उद्या"च असायचा. तोवर हॉलमध्ये खोकी, आणि खोक्यांवर सासूबाई, पाय खाली सोडून, मालिका बघत. आल्यागेल्याला "बसा हं, आमच्याकडे आता असंच असतं" असं म्हणायच्या. शेवटी रविवारी अहोंनी पाना हातात घेतला. मदतीला शेजारचा मुलगा, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा.

पुस्तिकेत चित्रं होती आणि बाण होते. पहिल्याच पानावर ठळक लिहिलेलं की सगळे बोल्ट आधी हाताने फिरवून नुसते अडकवा, सांगाडा पूर्ण उभा राहिल्यावरच आवळा. अहोंनी पहिलाच बोल्ट लावला आणि दात-ओठ खाऊन आवळला. "ढिलं काम मला जमत नाही." बावीस वर्षांत हा गुण मी घरातल्या दुसऱ्या कुठल्याही कामात पाहिला नव्हता. पुढचे सगळे बोल्ट असेच पिळल्यावर वरची आडवी पट्टी लावायची वेळ आली, तेव्हा भोकं एकमेकांना बोटभर हुकत होती. शेजारच्या मुलाने नम्रपणे पुस्तिकेचं पहिलं पान पुढे केलं. मग आवळलेलं सगळं सोडणं. नायलॉक नटाच्या आत नायलॉनची कडी असते, तो आपोआप ढिला होऊ नये म्हणून. मुद्दामहून होऊ म्हटलं तरी होत नाही.

त्यात एक बोल्ट कमी. 70 चे भरपूर, 75 चा एक नाहीच. मी नमुना घेऊन हार्डवेअरवाल्याकडे गेले. त्याने तो चिमटीत धरून डोळ्याजवळ नेला. "दहा एमएम. लांबी पंच्याहत्तर. आटे पूर्ण की अर्धे?" मला वाटलं होतं, बोल्टाला आटे असतात एवढंच कळलं तरी खूप. "किती किलो देऊ?" म्हटलं, एक नग. त्याचा चेहरा असा झाला जणू मी तांदळाचा एक दाणा मागितला. नट-बोल्ट किलोवर जातात. तरी त्याने डबा उपसला, एक काढला, काट्यावर टाकला. काटा हलला नाही. "द्या काकू पाच रुपये. वायसर वरून देतो." या सगळ्या खरेदीत ज्याने जास्तीचं काही दिलं आणि ते मापात बसलं, असा हा एकमेव दुकानदार.

सांगाडा उभा राहिला आणि खरी परीक्षा आली ती केबलची. प्लास्टिकचं आवरण असलेली लोखंडी दोरी, लांबच लांब. ती वरच्या पुलीवरून, मागून खाली, तळातल्या पुलीखालून, मधल्या तरंगत्या जोडीतून पुन्हा वर अशी न्यायची. चित्रात 11 पुल्या आणि 40 बाण. अहो आणि शेजारचा मुलगा दोन्ही टोकं धरून एकमेकांभोवती फिरत होते. मंगलाष्टकं तेवढी बाकी होती. केबल कधी हातभर उरायची, कधी इतकी ताणायची की प्लेटा आपणहून अधांतरी.

सासूबाई बराच वेळ खोक्यावरून बघत होत्या. मग उठल्या, चष्मा लावला. "चित्र दाखव रे." चित्र बघितलं, मशीन बघितलं. "हे तर शिवणयंत्रासारखंच आहे. रिळापासून सुरू करायचं, सुईपासून नाही. तुम्ही दोघं सुईपासून निघालायत." चाळीस वर्षं त्यांनी पायमशीनवर गल्लीभरचे ब्लाउज शिवलेत. त्या स्टुलावर बसल्या आणि बोटाने दाखवत गेल्या: आधी वरच्या चाकावरून, आता सोड, मागून घे, थांब, ताण देऊ नकोस. मध्येच त्यांनी वरच्या पुलीशी केबल चाचपली. पुलीला एक छोटी कडी असते, केबल खोबणीतून निसटू नये म्हणून. केबल कडीच्या बाहेरून गेलेली होती. "टाका निसटला," त्या म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला केबल मापात बसली. मग आतून शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आली आणि दोन्ही दांड्यांना बोट लागलं. मी नारळाचं नाव काढणार होते, त्यांनीच अडवलं. "इथे नको. पाणी उडालं की गंजेल. दाराशी फोड."

पहिला मान अहोंनी घेतला. पिन 40 वर, आणि दांडा खाली खेचला. प्लेटा वर गेल्या. अहोंनी सगळ्यांकडे तालमीतल्या नजरेने पाहिलं. तेवढ्यात शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, हे 20 च आहे." तरंगती कप्पी मध्ये आली की भार दोरीच्या दोन पदरांत विभागतो; जोर निम्मा लागतो, पण दोरी दुप्पट ओढावी लागते. शाळेत सगळे शिकतात. अहो म्हणाले, "प्लेटेवर 40 लिहिलंय." मुलगा म्हणाला, "प्लेट 40 च उचलली जातेय. तुम्ही 20." पेन न्यायला आलेल्या पीडब्ल्यूडी काकांनी मुलाची बाजू घेतली, वर पुल्यांच्या घर्षणाचे थोडे किलो अहोंना परत मिळवून दिले, आणि प्रकरण 22 वर मिटलं. माझी पिन पहिल्या भोकात. 5 किलो, म्हणजे अडीच. दळणाचा डबा याहून जड असतो. पण डब्याला कोणी टाळ्या वाजवत नाही, इथे वाजवल्या.

खालच्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्याच दिवशी वर आल्या. प्लेटा सोडून दिल्या की आदळतात, आणि तो आवाज त्यांच्या बेडरूममध्ये थेट उशीखाली उतरतो. तक्रार रास्त होती. रबराची जाड चटई आली, प्लेटा हळू सोडायच्या असा नियमही आला. हळू सोडण्यातच अर्धा व्यायाम आहे असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणजे काकूंच्या झोपेने माझ्या हाडांचंही भलं केलं. आता काकू भिशीच्या दिवशी स्वतःच बाकीच्यांना मशीन दाखवायला घेऊन येतात आणि मी पोहे करेपर्यंत प्रत्येकीचे किलो ठरवून टाकतात.

आठवड्याचे माझे दोन दिवस ठरलेत, आणि तेवढ्या वेळेपुरती सीट मला मिळते. एरवी तिच्यावर सासूबाई असतात. पाठीला टेकू आहे, समोर टीव्ही, हात ठेवायला दोन्हीकडे गादीचे दांडे. दिवाणाला यातलं काही नव्हतं. जाहिराती लागल्या की पायाने रूळ वर-खाली करतात. पिन कितीवर आहे ते मी बघितलंय, अहोंना सांगितलेलं नाही.

मग एके दुपारी कंपनीचा माणूस आला. पाठीला पिशवी, हातात मोबाइल. मशीन उभं बघून त्याचा चेहरा फुलला. केबल ओढून बघितली, एकेक पुली फिरवली, बोल्टांवर अंगठा फिरवला. "कोणी बसवलं?"

"मी," सासूबाई सीटवरून म्हणाल्या.

"केबल पण?"

"तीच तर."

त्याने पिशवी उघडलीच नाही. चहा घेतला, चकली घेतली, आणि म्हणाला, "मॅडम, तेवढा ओटीपी सांगा. इन्स्टॉलेशन कम्प्लिट टाकतो. आणि एक फोटो लागेल मशीनचा." मोबाइल समोर धरला, दोन पावलं मागे सरला, पुन्हा पुढे आला. "आजी, जरा उठता का? फोटोत फक्त मशीन पाहिजे."

"मालिका संपू दे," सासूबाई म्हणाल्या.

त्याने घड्याळ बघितलं. पुढचा कॉल कल्याणला होता. शेवटी तसाच फोटो काढला. सासूबाईंनी तेवढ्यापुरता पदर सारखा केला.