एक्सएलपीई मऊ लागतं म्हणजे कच्चं राहिलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं: क्रॉसलिंकिंग झालं (प्लास्टिकच्या साखळ्या एकमेकींना गाठींनी जोडल्या गेल्या) की प्लास्टिक थर्मोसेट होतं (पुन्हा वितळत नाही), म्हणजे ते बेकलाईटसारखं कडक व्हायलाच हवं, केबलचं एक्सएलपीई (क्रॉसलिंक केलेलं पॉलिथिलीन) एचडीपीईपेक्षा (जास्त घनतेच्या पॉलिथिलीनपेक्षा) मऊ लागतं, त्या अर्थी ते कच्चं आहे (क्रॉसलिंकिंग अपुरं झालंय), पेरॉक्साईड (गाठी पाडणारं रसायन) वाढवा. यातलं मला काहीच पटत नाही.

बेकलाईटमध्ये गाठी दाट असतात. एक्सएलपीईत दोन गाठींमध्ये कार्बनचे शेकडो अणू मोकळे राहतात. खोलीच्या तापमानाला त्याचा कडकपणा गाठींवर नाही, स्फटिकांवर (साखळ्या घड्या घालून नीट रचल्या जातात त्या भागांवर) ठरतो. पेरॉक्साईडच्या गाठी वितळलेल्या अवस्थेत पडतात आणि थंड होताना साखळ्यांना घड्या घालायला अडथळा करतात. त्यामुळे स्फटिकता थोडी घटते आणि माल किंचित मऊच होतो. शिवाय केबलचा मूळ माल बहुधा एलडीपीई (कमी घनतेचं पॉलिथिलीन) असतो, तेव्हा एचडीपीईशी तुलनाच चुकीची.

खरा फरक ११० अंश सेल्सिअसच्या वर दिसतो. तिथे एलडीपीई वाहू लागतं, एक्सएलपीई रबरासारखं टिकून राहतं. म्हणून कंडक्टरला सतत ९० आणि शॉर्टसर्किटमध्ये २५० अंश चालतात; साध्या पीव्हीसीला ७० आणि १६०.

तेव्हा नखाने दाबून काही कळत नाही, हॉट सेट टेस्ट करा. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये डंबेल (त्या आकारात कापलेला मालाचा तुकडा) टांगायचा, २० न्यूटन प्रति चौरस सेंटिमीटर भार, १५ मिनिटं. लांबी १७५ टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये. भार काढून थंड केल्यावर १५ टक्क्यांहून जास्त वाढ उरता कामा नये. ४ मिमी रुंद, १ मिमी जाड तुकड्याला साधारण ८२ ग्रॅम लागतात, आणि त्यात खालच्या क्लॅम्पचं वजन धरायचं. बरेच जण इथेच चुकतात. तुकडा कंडक्टरलगतच्या थरातून काढा: सीव्ही लाईनमध्ये (पेरॉक्साईडच्या मालाची केबल जिच्या गरम ट्यूबमधून जाते) उष्णता बाहेरून आत जाते, सायोप्लासमध्ये (पाण्याने क्रॉसलिंक होणारा सिलेनचा माल) पाणीही तसंच, त्यामुळे कच्चं राहिलं तर आतलंच राहतं.

पेरॉक्साईड वाढवण्याबद्दल. डायक्युमिल पेरॉक्साईड साधारण २ टक्के पुरतं. त्यापुढे एक्स्ट्रूडरमध्येच (प्लास्टिक वितळवून केबलवर चढवणाऱ्या यंत्रात) स्कॉर्च होऊन, म्हणजे वेळेआधीच गाठी पडून, दाणे पडतात, माल तुटेपर्यंत कमी लांबतो, मिथेन आणि अ‍ॅसिटोफिनोन हे उपपदार्थ वाढल्याने डीगॅसिंग (ते बाहेर काढणं) लांबतं. वर अँटिऑक्सिडंटही जास्त खर्ची पडतो.

टेस्टमध्ये नापास झालं तर आधी क्रॉसलिंकिंगची पद्धत पाहा. पेरॉक्साईडच्या मालात लाईनचा वेग आणि ट्यूबचं तापमान तपासा. सायोप्लास असेल तर केबलचा ड्रम पुन्हा ८०-९० अंशांच्या पाण्यात ठेवता येतो. जाडी दुप्पट असेल तर वेळ जवळपास चौपट धरा. तरीही लांबी कमी होत नसेल, तर कॅटॅलिस्ट मास्टरबॅच (क्रॉसलिंकिंगला गती देणारे दाणे) पडला होता का, ते हॉपरवरच्या माणसाला विचारा.