किती गेजचा पत्रा?

लेकीनं फ्लोरिडात समुद्राला अगदी खेटून घर घेतलं. ही बातमी कळल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई. आपल्याकडं दोन-चार दिवसांआड पाणी येतं, तेही मोटर लावल्याशिवाय चढत नाही. तुमच्या पोरीकडं न बोलावता घरात येईल." काकूंच्या बोलण्यात निम्मं कौतुक असतं. उरलेलं निम्मं आमच्या ह्यांच्या जिव्हारी लागलं.

हे बांधकाम खात्यातून ओव्हरसीयर म्हणून निवृत्त झाले. जन्मभर दुसऱ्यानं बांधलेल्यातल्या चुका काढल्या आणि निवृत्तीनंतर काढायला उरले फक्त मी आणि आमचं जुळे सोलापुरातलं घर. त्यात लेकीचा फोन आला की तिकडं १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत वादळांचा हंगाम असतो, त्याआधी खिडक्यांना वादळाची शटरं बसवायची आहेत, विमेवाल्यानंही विचारलंय. झालं! ह्यांनी कपाटातून जुनी डायरी काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिल्या पानावर 'फ्लोरिडा काम' असं लिहिलं.

लेक ऑफिसातून घरी येऊन संध्याकाळी सातला फोन लावायची, तेव्हा आपल्याकडं पहाटेचे साडेचार. नेमकी नळाला पाणी येण्याची वेळ. मी इकडं मोटर लावून टाकीकडं बघतेय आणि आतून ह्यांचा खणखणीत आवाज, "भिंत कशाची आहे ते आधी सांग! ब्लॉकची की लाकडाची?" गल्लीतल्या सगळ्यांना आमच्या लेकीच्या भिंतीची माहिती झाली. जावयांना "तुम्हाला यातलं कळत नाही" असं म्हणायची सोय नसते, त्यामुळं जावयांच्या वाट्याचं बोलणंही लेकीलाच खावं लागायचं.

तेवढ्यानं भागेना, म्हणून ह्यांनी अशोक चौकातल्या वेल्डिंगवाल्याला सल्लागार नेमलं. आमच्या गॅलरीचं ग्रील, गच्चीवरचे पत्रे, सगळं त्याच्याच हातचं. तो बिचारा पहाटे साडेचारला स्कूटरवरून आला. डोळे अर्धवट मिटलेले, पण खिशात टेप. जावयांनी मोबाईलवर एकेक नमुना दाखवायला सुरुवात केली.

पहिला नमुना वरच्या पेटीतून गुंडाळत खाली येणारा. "हे तर नव्या पेठेतलं दुकानाचं शटर हाय की वो साहेब." दुसरा अॅल्युमिनियमच्या नागमोडी पट्ट्यांचा. एरवी गॅरेजमध्ये ठेवायच्या आणि वादळाची सूचना आली की खिडकीवर बोल्टनं आवळायच्या. "पत्रे." तिसरा दोन्ही बाजूंना घडी होऊन बसणारा, रुळावरून ओढला की मधोमध मिळणारा. "चॅनेल गेट!" परदेशातल्या कंपन्यांनी रंगीत पुस्तकं छापून जे समजावलं होतं, ते ह्या माणसानं जांभया देत तीन वाक्यांत उरकलं. आणि प्रत्येक वेळी जावयांना एकच प्रश्न, "किती गेजचा हाय वो?" जावई कॉम्प्युटरमधले. त्यांना गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप, हे लेकीनं हळूच इंग्रजीत सांगितलेलं मला ऐकू आलं.

मला स्वतःला चौथा नमुना आवडला होता. तो वर बिजागरीवर टांगलेला असतो, खालून टेकू देऊन पुढं उचलून ठेवायचा. ऊन अडतं, वारा येतो, वादळ आलं की खाली पाडून कुलूप. सोलापूरच्या मे महिन्यात राहणाऱ्या बाईला सावलीची किंमत कळते. पण जावई म्हणाले, "समुद्र दिसावा म्हणून तर एवढे पैसे मोजले, आई. तो अर्धा झाकून कसं चालेल?" जावयाचा शब्द. मी गप्प बसले आणि मोटर बंद करायला गेले.

दुकानाच्या शटरावर ह्यांचा पहिलाच आक्षेप होता, "बटणावर चालतं, ठीक. लाइट गेल्यावर?" लाइट हा शब्द सोलापूरकराच्या तोंडी दुसऱ्या वाक्यात येतोच. हातानं फिरवायचं हॅंडलही मिळतं असं कळलं. मग जावयांनी दर सांगितला. ह्यांनी तो डायरीत रुपयांत मांडला, शून्यं पुन्हा मोजली आणि पान उलटलं. पत्रे सगळ्यांत स्वस्त. पण काठ धारदार, एकेक पट्टी शिडीवर चढवायची, आणि तेही आभाळ भरून आल्यावर. "शिडीवर चढणार कोण?" ह्यांनी विचारलं. पडद्यावर जावई दिसत होते. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. चॅनेल गेट पक्कं झालं.

मधल्या काळात पुण्याच्या आत्यांनी काचेवर फुलीसारखी चिकटपट्टी लावायचा उपाय कळवला. त्यानं काच फुटायची थांबत नाही, उलट मोठमोठे तुकडे अंगावर येतात. खरी भीती काचेची नसतेच. एक खिडकी गेली की वारा घरात शिरतो आणि छपराला आतून वर ढकलतो. बाहेरून ओढणारा दुसरा वारा असतोच. हे ह्यांनी मला फुलके लाटताना ताटलीवर झाकण उलटं ठेवून समजावलं. फुलके गार झाले, पण मला समजलं.

मात्र ह्यांना सगळ्यांत भावली ती तिकडची चाचणी. १९९२ साली अँड्र्यू नावाच्या वादळानं मायामीच्या दक्षिणेला घरंच्या घरं झोपवली, तेव्हापासून नियम कडक झाले. शटर पास व्हायचं तर त्याच्यावर सुमारे चार किलोचा लाकडी वासा हवेच्या तोफेतून ताशी पंचावन्न किलोमीटरच्या वेगानं मारतात. वर पुन्हा हवेचा दाब शेकडो वेळा आत-बाहेर. हे व्हिडिओ ह्यांनी जेवताना पाहिले, झोपताना पाहिले, वेल्डिंगवाल्याला दाखवले. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "आपल्या ग्रीलवर मारून बघायचं का वो साहेब?" मी स्वयंपाकघरातून "नाही" म्हणाले.

शटर निवडायला लागला त्याहून जास्त वेळ रंगाला लागला. तिकडच्या सोसायटीला ठरावीक रंगच चालतात. पांढरा, हस्तिदंती आणि वाळूचा असे नमुने आले. मला तिन्ही एकच दिसले. महानगरपालिकेकडून परवाना काढावा लागतो, हे ऐकून मात्र ह्यांना पहिल्यांदाच अमेरिका ओळखीची वाटली.

बसवायच्या दिवशी लेकीनं मोबाईल खिडकीकडं तोंड करून टेकवला आणि हे रात्रभर खुर्ची ओढून समोर. स्क्रू स्टेनलेसचे आहेत ना, खाऱ्या हवेत साधे टिकत नाहीत. भोक ब्लॉकमध्ये किती गेलं ते मोज, प्लास्टरची जाडी धरायची नाही. तिकडचे कामगार स्पॅनिश बोलत होते, हे मराठीत ओरडत होते, आणि दोघांचंही ड्रिलपुढं काही चालत नव्हतं. पहाटेच्या सुमारास हे एकदम उठून उभे राहिले. "त्या डावीकडच्या पट्टीला टेप लाव. दोन स्क्रूंमधलं अंतर नकाशात आहे त्यापेक्षा जास्त आहे." लेक दमली होती. म्हणाली, "बाबा, ती माणसं रोज हेच काम करतात." फोन बंद झाला. हे दिवसभर चहाला नको म्हणाले.

पुढच्या आठवड्यात तिथल्या पालिकेचा इन्स्पेक्टर आला. रुळावरून शटर ओढून पाहिलं, कुलूप लावून पाहिलं, मग खिशातून टेप काढून थेट डावीकडच्या पट्टीपाशी गेला. काम नापास. दोन स्क्रू वाढवा, मग बोलवा.

लेकीनं हे चाचरत सांगितलं. मला वाटलं, आता तासभर ऐकावं लागणार तिला. पण ह्यांचा चेहरा असा उजळला, की बढतीचा कागद हातात पडला तेव्हाही मी तो तसा पाहिला नव्हता.

"माणूस कामाचा आहे," हे म्हणाले. "त्याला चहा तरी विचारलास का?"